पत्रोबाच्या आतला बाप्या

शेवटचं आपण दोघांनी मिळून काय केलं, तर बियाण्याच्या शेंगा फोडल्या. दुपारची वेळ. पडवीत पोतं पसरलेलं, तू भिंतीला टेकून, मी खांबाला. यंत्रात घातल्या की दाणा चिरतो, म्हणून बियाण्याच्या शेंगा आपण हातानंच फोडतो. आतल्या खोलीत टीव्ही चालू, दार उघडं, आणि केबलवाल्यानं नेमकी ती जुनी कॅसेट लावलेली. पुठ्ठ्याचं शहर, त्यात पत्र्याचं एक ताडमाड धूड पाय आपटत फिरतंय, आणि बारीक डोळ्यांची माणसं हिंदीत बोंबलत पळताहेत.

"आला बघा," तू म्हणालीस.

"कोण?"

"लंगडा."

मी मान वर केली नाही. तो पिच्चर मला पाठ होता. लोकांच्या बायका देवाच्या आरत्या पाठ करतात, माझ्या बायकोमुळं मला हे पाठ झालं. पत्र्याचं धूड पुलापाशी आलं आणि लाईट गेली. तू हातात शेंग धरून तशीच बसून राहिलीस.

"त्यो बाप्या आता कुठं आसंल वो?"

"कुठला?"

"आतला."

"मेला आसंल."

"तुमच्या जिभंला हाड न्हाय," म्हणालीस, आणि मी फोडलेल्यातले चेंबलेले दाणे वेचून बाजूला काढायला लागलीस. माझं काम तुला कधी पसंत पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात शेण भरता भरता खाली बसलीस. आपल्या पोरानं, दत्तूनं, शेजारची जीप आणली. इंदापूरच्या रस्त्याला लागायच्या आधीच सगळं झालं होतं.

आता हे मी का लिहितोय ते सांगतो. मंडळाची पोरं स्मरणिका काढताहेत. आजोबा, आजीवर एक पान द्या म्हणाली, वर नमुना देऊन गेली. नमुन्यात छापलंय, प्रेमळ, मनमिळाऊ, सोशिक. मी चौथीपर्यंत शिकलो, पण खोटं कुठलं ते मला कळतं. प्रेमळ तू नव्हतीस. मनमिळाऊ म्हणशील तर शेजारच्या वस्तीवरची बाई तुझ्या भीतीनं आपल्या बांधावरनं शेळ्या नेत नव्हती. सोशिक मात्र होतीस, आणि त्याचाच मला राग आहे. तो नमुना मी चुलीत घातला.

आणि दुसरं कारण, काल तुझा भाऊ नामदेव पणदऱ्याहून तुझा टाक घेऊन आला. आपल्यात गेलेल्या माणसाचा चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा काढून तो देव्हाऱ्यात बसवतात. तू सवाष्ण गेलीस, म्हणजे तो नवऱ्याच्या हातानंच बसला पाहिजे. टाक घरी आला की बसेपर्यंत देवाला नैवेद्य नाही. मी सांगितलं, मी बसवणार नाही. घरात सगळी तोंडं उतरली. का बसवणार नाही ते नामदेवला नीट सांगता आलं नाही, कारण त्यासाठी त्या पत्र्याच्या धुडापासनं सुरुवात करावी लागते, आणि तेराव्याला आलेल्या पाहुण्यांसमोर ते बोलायचं नसतं.

ते धूड जिथं बघितलं त्या खोलीत तू पहिल्यांदा शिरलीस ती सावलीसाठी. इंदापूरच्या बाजारात कोंबडी विकून झालेली, एसटीला अवकाश, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. स्टँडच्या मागं पोपटरावानं व्हिडीओघर काढलं होतं. पूर्वी तिथं खताचं गोडाऊन होतं, वास तसाच. दाराला काळं फडकं, आत टेबलावर स्टूल, स्टुलावर टीव्ही. बाईमाणूस तिथं जात नव्हतं. तू फडकं वर केलंस आणि सरळ आत. मी बाहेर उभा. चार लोक बघायला लागले, तेव्हा मलाही शिरावं लागलं.

पोपटराव म्हणाला, "मावशी, हितं पिच्चर आसतोय."

"मग म्या काय कीर्तनाला आले व्हय?"

त्यानं आपल्याला पुढं पोत्यावर बसवलं. बाकांवर टवाळ पोरं होती. दुपारी मारामारीच्या पिच्चरला गर्दी नसायची म्हणून पोपटराव त्या वेळेला हाताला लागेल ती कॅसेट घालायचा. त्या दिवशी हे धूड लागलं. पुढं दत्तूनं सांगितलं, त्याला रोबोट म्हणतात. तू त्याला पत्रोबा म्हणायला लागलीस, जसा काय आपल्या बिरोबाचा चुलतभाऊ.

मला पहिल्या फटक्यात कळलं की हे गोरगरिबांनी केलंय. अंग तेलाच्या डब्यांचं. कोपराला नळाचे सांधे. डोळ्यांच्या जागी बॅटऱ्या, त्यातली एक मधेच विझायची. विमान दोऱ्याला टांगलेलं, आणि दोरा दिसत होता. एक घर तर त्यानं लाथ मारायच्या आधीच पडलं. मी हसलो. तू हसली नाहीस. तू त्याच्या पायाकडं बघत होतीस.

"उजव्या पायानं लंगडतोय."

"कोण?"

"ह्यो. खुरात काटा हाय त्याच्या."

"पत्र्याला कुठला आलाय काटा."

"पत्र्याला न्हाय. आतल्याला."

जन्म मेंढरांमागं गेलेला तुझा. सकाळी वाडग्याचं फाटक उघडलं की तू बाजूला उभी राहायचीस आणि मेंढरं बाहेर पडताना फक्त पाय बघायचीस. तोंडाकडं नाही, लोकरीकडं नाही. एवढ्या कळपातनं लंगडं तेवढं काठीनं अडवायचीस, आडवं पाडून खुरातला काटा दाभणानं काढायचीस. मग कॅनॉलचं पाणी आलं, सगळीकडं ऊस झाला, चरायला रान उरलं नाही, मेंढरं विकली. तुला बघायला पाय उरले नाहीत. हे मला आज लिहिताना सुचतंय. तेव्हा मला एवढंच वाटलं की बाईला उन्हाचा फटका बसलाय.

शेवटाला पत्रोबा पुलावर आडवा पडतो. पडताना पायाचा डबा उसवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत एक टाच दिसते. माणसाची, भेगाळलेली. पिच्चर काढणाऱ्यांच्या नजरेतनं सुटली असेल, नाहीतर परत काढायला त्यांच्याकडं कॅसेट नसेल. तू माझ्या मांडीवर असा गुद्दा घातलास की मी विसरलो नाही.

"बघितलं? बघितलं का?"

"काय?"

"टाच. दिसली का न्हाय? आता काय म्हनता?"

तेव्हापासनं इंदापूरचा बाजार म्हणजे माझ्या डोक्याला ताप. बाजार अर्धा टाकून तू व्हिडीओघरात. पोपटराव फडक्यातनं डोकं काढून विचारायचा, "मावशी, टाचवाला लावू का?" आणि तू म्हणायचीस, "लावा." मागची पोरं ओरडायची की मारामारीचा लावा. तू मान वळवून म्हणायचीस, "गप बसा रं. आमीबी पैसं दिल्यात. मारामारी बघायची तर माझ्या घरला या." तेवढ्यावर गप व्हायची. पोपटरावाकडं आणखीही तसल्या कॅसेटी होत्या, कुठं हिरवा पत्रोबा, कुठं दोन डोक्यांचा. तू सगळे बघितलेस आणि सगळ्यांचे पाय तपासलेस. पण जीव लंगड्यावर.

आपण एसटीत भांडायचो. एकदा लासुर्ण्यापर्यंत भांडलो. मी म्हणालो, "आत बाप्या हाय हे तुला ठावं हाय, मग बघतीस कशाला? आपल्याला येड्यात काढत्यात ती माणसं." तू म्हणालीस, "बाप्या हाय म्हनूनच बघते. नुसत्या पत्र्याला काय बघायचं? पत्रा आपल्या गोठ्यावरबी हाय." मी म्हणालो, "परक्या बाप्याचं तुला एवढं काय पडलंय?" तू म्हणालीस, "आत उकडत आसंल त्याला. दिसतबी नसंल. तरी चालतोय बिचारा." पुढच्या सीटवरची म्हातारी वळून म्हणाली, "कुणाच्या घरात घुसलाय गं बाप्या? पोलिसास्नी सांगा." अख्खी गाडी हसली. तू सगळ्यांत मोठ्यानं. मी खिडकीकडं तोंड केलं ते उतरेपर्यंत.

खरं सांगतो, मला त्या पत्रोबाचा दुस्वास होता. आजही आहे. घरात नवरा बसलाय धडधाकट, आणि ही बाई कुठल्या तरी मुलखातल्या, डब्यात कोंबलेल्या माणसाच्या टाचेसाठी इंदापूर गाठते. माझ्या पायाला नांगराचा फाळ लागला होता तेव्हा तू हळद दाबलीस आणि म्हणालीस, "बघून चालता येत न्हाय का?" त्या बाप्याला मात्र बिचारा.

मग वस्तीवर केबल आली, पोपटरावाचं व्हिडीओघर बसलं. त्यानं फडकं काढून तिथं चपलांचं दुकान घातलं. तू बाजारात गेलीस की त्या दुकानासमोर थोडी उभी राहायचीस. चप्पल कधी घेतली नाहीस.

गेल्या साली दत्तूनं आपल्याला बारामतीला थेटरात नेलं. "आई, तुझा रोबोट आलाय, नवा, कॉम्प्युटरवर केल्याला." पडदा म्हणजे आपल्या विहिरीएवढा. धूड असं की अंगावर येतंय. घरं खरीखुरी पडत होती, काचा उडत होत्या, दोरा नाही, पुठ्ठा नाही. मला आवडलं. मी दत्तूला म्हटलं, आज पैसे फिटले. तू मधेच पदर डोक्यावरनं तोंडावर ओढून झोपलीस. निदान मला तसं वाटलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "झोपलीस व्हय?"

"न्हाय. बघत हुते."

"मग कसा हुता?"

"आवाज लई हाय." मग थोडं चालून म्हणालीस, "आत कोन न्हाय वो त्याच्या."

"कॉम्प्युटरवर केलाय. आत कोण कशाला लागतंय?"

"मग चालतोय कोन?"

"कोण न्हाय चालत. आपलं दिसतंय नुसतं."

"तेच म्हनते मी."

दत्तू म्हणाला, "आई, आगं जुना किती खोटा दिसायचा." तू त्याला म्हणालीस, "खोटा दिसायचा, पर हुता." दत्तूनं माझ्याकडं बघितलं, मी दत्तूकडं. त्यानंतर रसवंतीवर रस प्यायलो आणि तू त्या विषयावर बोललीच नाहीस. तुझ्याबरोबरचं ते भांडण अर्धं राहिलं. मला वाटलं होतं, नवा पिच्चर बघून मी जिंकलो.

आता माझा राग ऐक. तुझा दहावा झाला आणि सुनंदा भांडी घासता घासता रडायला लागली. ही आपली सून, दत्तूची बायको, साधी आहे, तिच्या पोटात काही राहत नाही. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "मामा, आत्याबाईंच्या छातीत दोन म्हैन्यापासनं कळ येत हुती. मला म्हनाल्या, त्यास्नी सांगू नगं. उगं वरडत्यात."

मी वरडतो म्हणून.

दोन महिने माझ्यासमोर बसून भाकरी थापलीस. ऊस खुरपलास. शेंगा फोडल्यास. माझ्याशी भांडलीस, आवाज जराही खाली न करता. आणि आतनं कळ येत होती. कुठल्या देशाचा, कुठल्या काळातला एक बाप्या, तोंड दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, त्याच्या पायात काटा आहे हे तुला खताच्या गोडाऊनात बसून कळलं. मी तर हाताच्या अंतरावर होतो. मला कळू दिलं नाहीस. वरनं डबा असा लावलास की फट नाही. वरडलो असतो, व्हय, वरडलोच असतो. वरडत वरडत इंदापूरला नेली असती, तिथं न जमलं तर बारामतीला. माझं वरडणं तुला एवढ्या वर्षांत काही नवीन नव्हतं. ह्याला सोशिक म्हणतात तर मला तो शब्द नको, मंडळाच्या पोरांनी तो दुसऱ्या कुणाला लावावा.

हे डोक्यात असताना काल नामदेवनं रुमाल सोडून टाक माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याएवढा पत्रा. गोल डोळे, दोन ठिपके. हात दोन्ही बाजूला ताठ. पाय म्हणजे चौकोनी ठोकळे. बारामतीच्या सोनाराकडं बाईचा ठसा एकच आहे. त्यातनंच माझी आजी निघाली, आई निघाली, आता तू. देव्हाऱ्यात आई कुठली आणि आजी कुठली हे मला सांगता येत नाही. दसऱ्याला सुनंदा चिंचेनं घासते आणि परत ठेवताना त्यांच्या जागा बदलतात.

"कसा झालाय, दाजी?" नामदेव म्हणाला.

"कोण ही?"

"कोन म्हंजी? ताई."

"हिचं नाक बघ. तुझ्या ताईचं नाक आसं सरळ हुतं व्हय? भज्यागत हुतं."

"दाजी, गेल्याल्या माणसाला तरी…"

"गेल्यावर नाक बदलतं का?"

सुनंदा पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला का रडायला, माहीत नाही. मी टाक रुमालात गुंडाळला आणि नामदेवच्या पुढ्यात सरकवला. "ह्याच्यात कोण न्हाय. न्हे पणदऱ्याला."

"मग तुमच्या आईच्या टाकात कोन हाय?"

"त्यो माझ्या बापानं बसवलाय. त्याला इचार."

"त्यास्नी कुठं इचारू?"

"त्योबी तितंच हाय, रांगेत."

नामदेवनं तंबाखू मळली. तुझा भाऊ तुझ्यासारखाच, मुद्द्यावरनं हलत नाही. म्हणाला, "आमची आई देव्हाऱ्यात हाय. मी रोज सकाळी तिला सांगतो. म्हशीनं दूध चोरलं, सांगतो. थोरल्यानं उलटं उत्तर दिलं, सांगतो."

"आन ती काय म्हनती?"

"ती काय म्हननार? जिती आसताना तरी कुठं माझं ऐकत हुती."

मला हसू आलं. मी ते गिळलं. नामदेवला ते दिसलं.

"देव उपाशी हायती, दाजी. सुनंदा सकाळपासनं भेदरलीय. तिला वाटतंय तिचंच कायतरी चुकलं."

"राहू दे उपाशी. मेंढरांमागं आमी किती येळा उपाशी झोपलो, तवा ह्यांनी कुठं इचारलं?"

"तुमी ताईवर चिडलाय. टाकावर न्हाय."

"दोघांवर."

"मग घरात ठिवून चिडा की," नामदेव म्हणाला. "तुमची बायकू तुमास्नी न सांगता गेली, आन मी तिला पणदऱ्यात का सांभाळू? माझ्या बायकूचं आन तिचं कवा जमलंय?"

खरंच जमलं नव्हतं. तुम्हा दोघींना एका देव्हाऱ्याखाली ठेवलं असतं तर नामदेवचं घर बसलं असतं. मी उठून गोठ्यात गेलो. गाईला वैरण होती तरी परत टाकली.

आज सकाळी उठलो. पाणी तापायची वाट बघितली नाही, गारच अंगावर घेतलं. सुनंदानं वाटीत दूध काढून देव्हाऱ्यापाशी ठेवलेलं होतं, मला काही न बोलता. काल रात्रीच काढून ठेवलं असणार, साय आली होती. नामदेव भिंतीला टेकून बसलेला, पिशवी भरून, एसटीला निघायच्या तयारीत. रुमाल तिथंच होता जिथं मी सरकवला होता.

मी टाक दुधात घातला, पाण्यानं धुतला, धोतराच्या सोग्यानं पुसला. आईची आणि आजीची जागा थोडी सरकवली. कुणाची कुठली ते माहीत नाही, दोघीही सरकवल्या. आणि तुला मधे बसवलं. दत्तू दारात येऊन उभा राहिला.

"पाया पडा, दाजी," नामदेव म्हणाला.

"बायकूच्या पाया पडू व्हय?"

"हात तरी जोडा."

मी हात जोडले नाहीत. देव्हाऱ्यासमोर मांडी घातली आणि तुझ्याकडं बघून म्हणालो, "सांगायला काय झालं हुतं तुला, भवाने? जीभ झडली हुती? सुनंला सांगता येतं, मला न्हाय? आं?" आवाज चढला असणार, कारण दत्तू पुढं आला आणि नामदेवनं त्याला हातानं थांबवलं. मी आणखी बरंच बोललो. ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

सुनंदा नैवेद्याचं ताट घेऊन आली होती. माझं चाललेलं बघून उंबऱ्यातच थांबली, तशीच परत फिरायला लागली.

मी तिला म्हणालो, "निघालीस कुठं? वाढ की तिला. कालपासनं उपाशी हाय ती."